बिनपंख्याचा रेडिएटर

अय्युबभाई शिकलगार मनातल्या मनात बोलले तरी अर्ध्या आळीला ऐकू जातं, असं त्यांची बायको अन्वरी म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. कामथडीजवळ हायवेला त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. तीस वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये हातोडीची ठोकाठोक, ब्लोलॅम्पची फुरफुर आणि बाहेरून धडधडत जाणारे ट्रक. एवढ्या गोंगाटात माणूस स्वतःशी काही बोलला तर कुणाला पत्ता लागतो? त्यामुळे अय्युबभाईंना स्वतःशी बोलायची सवय जडली, आणि तीही चांगल्या खणखणीत आवाजात. जुना रेडिएटर उघडला की आधी त्याला हात लावून गेलेल्या कारागिराचा ते मनसोक्त उद्धार करायचे. गाडीवाला शेजारी उभा असला तरी त्यांना फिकीर नसायची. कुणी हटकलंच, तर "म्या कुठं काय बोललो?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

दुसरी गोष्ट कानाची. इतक्या वर्षांच्या ठोकाठोकीनं त्यांना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. दारावरची थाप कळायची, एसटीचा हॉर्न कळायचा. पण डासाची गुणगुण कशी असते हे ते विसरूनच गेले होते, आणि त्याचा त्यांना फायदाच वाटायचा. तिसरी गोष्ट अशी, की एवढा तोंडाळ माणूस पोरांचं कौतुक मात्र चुकूनसुद्धा तोंडातून काढायचा नाही. तोंडावर वाखाणलं की लेकराला नजर लागते, हे त्यांच्या आईनं त्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. थोरला रियाज पुण्यात नोकरीला लागला तेव्हा सगळं घर नाचत होतं, आणि हे एवढंच म्हणाले होते, "जेवणाचे हाल करून घिऊ नकोस."

धाकटी अम्रीन. भोरच्या शाळेत असताना वक्तृत्वाची ढाल तिनं दोनदा घरी आणली होती. बी.ए. झाल्यावर तिनं घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. रियाजनं तो पुण्यातल्या एका मित्राकडून जुना मिळवून दिला होता. मित्राला कॉम्प्युटरवर गेम खेळायचा नाद, त्यामुळे मशीन तगडं होतं, पण चांगलंच तापटही. अम्रीन त्यावर लोकांचे अर्ज टाईप करून द्यायची, लग्नाच्या पत्रिकांचे मजकूर जुळवायची. मग दोन हजार सहा सालच्या हिवाळ्यात तिच्यापुढे एक वेगळंच काम आलं. पुण्यातली एक संस्था अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं आवाजात रेकॉर्ड करून घेत होती. दहावीची सगळी पुस्तकं एका आवाजात हवी होती, आणि प्रत्येक सीडीच्या सुरुवातीला वाचणाऱ्याचं नाव येणार होतं. अम्रीननं भूगोलाचा एक धडा वाचून नमुन्याची सीडी पाठवली.

नमुने ऐकायचं काम वेल्ह्याच्या गंगाधर गुरुजींकडे होतं. गुरुजी स्वतः जन्मापासून अंध, तीस वर्षं अंधशाळेत शिकवून आता गावी येऊन राहिलेले. त्यांनी फोन केला तो सोमवारी सकाळी.

"अम्रीन, बाळ, तुझं वाचन फार चांगलं आहे," ते म्हणाले. "कुठं थांबायचं ते तुला कळतं. पण तुझ्या खोलीत भुंगा आहे का गं?"

"भुंगा नाही गुरुजी. तो कॉम्प्युटरचा आवाज आहे."

"साधी घरघर असती तर मी सोडून दिली असती. ही बारीक शीळ आहे, सुईसारखी. डोळस माणूस पुस्तक मिटून उठतो. आमच्या पोरांना परीक्षेच्या दिवसांत सहा-सहा तास हे कानाला लावून बसायचंय. डोकं उठेल त्यांचं. आणि हे बघ, सातारची एक बाई आहे, तिचा आवाज तुझ्याइतका चांगला नाही, पण खोली शांत आहे. पुढच्या मंगळवारी मला नाव कळवायचंय. पुढच्या सोमवारपर्यंत दुसरा नमुना दिलास तर बरं होईल."

अम्रीननं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. तिला हे काम किती हवं होतं ते घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. अर्ज काय, कुणीही टाईप करील. पण सबंध जिल्ह्यातली अंध मुलं एका आवाजावर दहावीला बसणार, आणि तो आवाज भोरच्या अम्रीनचा, या विचारानं ती पंधरा दिवस जमिनीच्या चार बोटं वर चालत होती. आता ती खाली आली.

मंगळवारी तिनं हरतऱ्हेचे उपाय केले. कॉम्प्युटरच्या डब्यावर अन्वरीची जाड गोधडी टाकली, तर डबा आतल्या आत तापून मशीन बेशुद्ध पडलं. आवाज पुसणारा एक प्रोग्रॅम चालवून बघितला, तर शीळ गेली पण अम्रीन रांजणात तोंड घालून बोलल्यासारखी वाटायला लागली. शेवटी तिनं डब्याची बाजू उघडून चोर पकडला. मोठे दोन पंखे दुसऱ्या टोकाला हळू फिरत होते, त्यांचा आवाज नव्हता. किंचाळत होता तो मदरबोर्डवरच्या एका चिपच्या डोक्यावर बसवलेला, बिस्किटाएवढा चिमुकला पंखा. त्याची वायर काढली की खोली गप्प, पण पंधरा मिनिटांत मशीनही गप्प. पुण्याच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, की तसला पंखा हल्ली मिळत नाही. नुसता धातूचा, बिनपंख्याचा तुकडा मिळतो, पण तो मुंबईहून मागवायला पंधरा दिवस लागतील. त्यापेक्षा मदरबोर्डच बदला.

संध्याकाळी अय्युबभाई दुकानातून आले तेव्हा मायलेकी उघड्या डब्यापुढे बसलेल्या होत्या.

"कसला आवाज म्हनतीस?" त्यांनी विचारलं. "मला तर काय बी ऐकू येत न्हाई."

"तुमाला ढगाचा गडगडाट तेवढा येतो ऐकू," अन्वरी म्हणाली.

अय्युबभाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. पिशवीतून त्यांनी हातभर लांबीचा पेचकस काढला, त्याचं टोक अलगद त्या पंख्याच्या कडेला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटले. इंजिनातलं दुखणं ते असंच ऐकायचे. काही क्षणांत त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आत्ता आलं. बेरिंग गेलंय ह्याचं. लई दिवस झालं रडतंय बिचारं." त्यांनी पेचकस खाली ठेवला. "आनि ह्या पंख्याखाली काय हाय? ही ॲल्युमिनियमची फनी. आगं, ह्यो तर रेडिएटरच हाय की! उष्णता धरायची नि वाऱ्यावर सोडायची. पोरी, तीस वर्षं बाप दुसरं काय करतोय?"

"अब्बा, पंखा नको आहे. पंख्याशिवाय थंड राहिलं पाहिजे."

"मग पत्रं वाढवायचं. त्यात काय येवढं? परवाच्या दिवशी देतो तुला करून."

आता हे सांगायला हवं, की अय्युबभाईंचे ते दिवस काही फार चांगले नव्हते. नव्या गाड्यांना ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकचे रेडिएटर यायला लागले होते. ते फुटले की फेकायचे, कथलाची डाख देऊन ते सांधता येत नाहीत. एकेकाळी कात्रजपासून खंबाटकीपर्यंतचे ट्रकवाले "शिकलगारकडं चल" म्हणून यायचे. आता शेडमध्ये पितळेच्या जुन्या टाक्या धूळ खात पडल्या होत्या, आणि अय्युबभाई दुपारी पेपर दोनदा वाचायचे. त्यामुळे लेकीचं हे काम हाताला लागताच त्यांच्या अंगात वारं भरलं. बुधवारी सकाळी आठला शेड उघडलं, आणि हातातलं एक ट्रॅक्टरचं काम बाजूला सारून ते या बिस्किटाएवढ्या कामाला लागले.

अर्थिंगची तांब्याची जाड पट्टी होती, तिचा काडेपेटीहून थोडा मोठा तुकडा कापला. काचेवर पॉलिशपेपर ठेवून त्याचा तळ तास-दीड तास घासला, इतका की त्यात स्वतःच्या मिशा दिसल्या. मग तांब्याच्या पातळ पत्र्याच्या दोन बोटं उंचीच्या पट्ट्या कातरल्या. पट्टीवर नवसागर फिरवून, कथलाची डाख देत, एकेक पत्रा उभा केला. किती? एकवीस. एवढ्याशा जागेत एकवीस पत्रे, एकही तिरका नाही, एकही दुसऱ्याला चिकटलेला नाही. दाट पत्रे बसवणं हीच त्यांच्या धंद्यातली खरी कसोटी. जितके पत्रे जास्त तितका रेडिएटर थंड, हे ते उस्तादाकडून शिकले होते आणि ट्रकांच्या तापमानाच्या टपाटप उतरणाऱ्या काट्यांवर त्यांनी हजार वेळा पडताळलं होतं.

ते इतके खूश झाले, की तो तुकडा फडक्यात गुंडाळून शेजारच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. टपरीवाल्या बनाबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"दागिना हाय का काय ह्यो?" त्यांनी विचारलं.

"दागिनाच म्हना. कॉम्प्युटरचा," अय्युबभाई म्हणाले, आणि चहा पिणाऱ्या सगळ्यांनी तो हातात घेऊन बघेपर्यंत तिथून हलले नाहीत.

गुरुवारी दुपारी एकला वीज आली. चार वाजता ती पुन्हा जाणार, हे लोडशेडिंगचं रोजचं वेळापत्रक होतं. अम्रीननं जुना पंखा त्याच्या फणीसकट उतरवला, चिपवर पांढऱ्या पेस्टचा ठिपका लावला आणि अब्बांचा तुकडा स्प्रिंगांनी पक्का बसवला. मशीन सुरू झालं. खोलीत अशी शांतता पसरली की अन्वरी ओट्यावर कांदा चिरत होती ते इथे ऐकू आलं. अम्रीननं अब्बांकडे पाहिलं. अय्युबभाईंना अर्थातच काही फरक कळला नव्हता, पण लेकीचा चेहरा बघून त्यांनी मिशांवरून हात फिरवला.

अम्रीन वाचायला लागली. पडद्याच्या कोपऱ्यात चिपचं तापमान आकड्यांत दिसत होतं. पहिल्या पानाला साठ, दुसऱ्याला पंचाहत्तर. तिसऱ्या पानावर, काळ्या जमिनीत कापूस का येतो हे सांगता सांगता, पडदा गोठला. अर्धा तास थांबून पुन्हा वाचलं. पुन्हा तिसऱ्या पानावर तेच.

"चिपमधीच खोट आसंल," अय्युबभाई म्हणाले.

"अब्बा, चिप पंख्यावर नीट चालत होती."

"मग पेस्ट कमी पडली आसंल. माझ्या कामात खोट न्हाई!" हे जरा मोठ्यानंच झालं. अम्रीननं पुस्तक मिटलं, आणि तिच्या त्या गप्प बसण्यानं अय्युबभाईंना जे लागलं ते कुणी शिव्या घातल्या असत्या तरी लागलं नसतं. टपरीभर मिरवून आणलेला दागिना होता तो. आणि पोरीच्या नावाच्या जागी आता सातारच्या बाईचं नाव येणार होतं. ते खुर्चीवर तसेच बसून राहिले, चार वाजता वीज गेली तरी.

गुरुवार, म्हणजे जुम्मेरात असल्यामुळे अन्वरीनं सूर्य मावळताना घरात लोबान फिरवला. लोबानदाणी घेऊन ती माजघरातून पुढच्या खोलीत आली. संध्याकाळी वीज परत आली होती, अम्रीननं आशा न सोडता मशीन पुन्हा लावून ठेवलं होतं आणि डब्याची बाजू उघडीच होती.

"ह्या आजाऱ्याला बी दिऊ का जरा?" अन्वरी म्हणाली, आणि चेष्टेनं तिनं धुपाची दाणी डब्याच्या उघड्या बाजूला, तळाशी धरली.

धूर सरळ वर चढला. मदरबोर्डच्या पाटीला लागून वर गेला, तांब्याच्या तुकड्यापाशी पोचला, आणि दुभंगला. अर्धा डावीकडून, अर्धा उजवीकडून. एकवीस पत्र्यांच्या आतून एक वेटोळंसुद्धा गेलं नाही.

"थांब!" अय्युबभाई एवढ्या जोरात ओरडले की अन्वरीच्या हातातली दाणी हेलकावली. "हलू नगंस. तशीच धर."

ते गुडघ्यावर बसले. नाक जवळजवळ पत्र्यांना लावून त्यांनी तो धूर पुन्हा पाहिला, तिसऱ्यांदा पाहिला. मग फरशीवर बैठक मारली आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

"काय झालं अब्बा?"

"आगं, ट्रक रस्त्यानं पळतो. समोरून वारा आदळतो, मागून पंखा ओढतो. म्या जलमभर वारा गृहीत धरला. हितं वारा कुटाय? हितं गरम हवेला आपल्या पायानं वर जायाचंय, आनि म्या तिच्या वाटंत एकवीस भिंती बांधल्या. दाट बांधल्या, लई हुशारीनं बांधल्या. ती बिचारी आत शिरायचीच न्हाई." त्यांनी त्या पत्र्यांकडे बोट केलं. "खोट माझ्याच कामात हाय."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं असावं. अन्वरीनं ते ऐकलं आणि त्या दिवशी तरी त्यावर काही टोमणा मारला नाही.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर ते दुकानात गेले. करायचं ते सोपं होतं, एकाआड एक पत्रा काढायचा. पण स्वतः डोळ्यांत तेल घालून बसवलेला पत्रा स्वतःच उपटायचा, म्हणजे हाताला समजावावं लागतं. त्यांनी शेजारच्या पत्र्यांमध्ये ओल्या फडक्याचे बोळे कोंबले, म्हणजे त्यांची डाख वितळायची नाही, आणि तापल्या कांबीचं टोक पहिल्या पत्र्याच्या बुडाला लावलं. कथील चमकलं, पत्रा सैल झाला. चिमट्यानं त्यांनी तो बाहेर ओढला आणि बाकड्यावर ठेवला. मग दुसरा. दहा पत्रे निघाले, अकरा राहिले. दातपडक्या म्हाताऱ्यासारखा तो तुकडा दिसायला लागला. बनाबाईंना दाखवायला या वेळी ते गेले नाहीत. ते दहा पत्रे मात्र त्यांना भंगाराच्या डब्यात टाकवेनात. फडक्यात बांधून त्यांनी ते खिशात घातले.

शनिवारी दुपारी एकला वीज आली आणि मशीन सुरू झालं. पहिल्या पानाला बावन्न. दुसऱ्याला अठ्ठावन्न. तिसरं पान आलं, काळी जमीन आली, कापूस आला. एकसष्ट. आकडा तिथं येऊन जो बसला तो पुन्हा म्हणून हलला नाही.

"आता खरं वाचन करते," अम्रीन म्हणाली. "अब्बा, तुम्ही बाहेर बसा."

"न्हाई. आकड्यावर माझा भरवसा न्हाई. म्या पत्र्याला बोट लावून बसतो. तापलं तर हात वर करीन."

"पण एक शब्द बोलायचा नाही. खोकायचं नाही. शेवटचं वाक्य झाल्यावरही पाच सेकंद गप्प बसायचं, तसा नियम आहे."

"म्या कदी बोलतो?" अय्युबभाई म्हणाले.

दारं-खिडक्या लावून घेतल्या. अन्वरी बाहेर ओट्यावर पहाऱ्याला बसली आणि आळीतल्या पोरांना हाताच्या खुणांनी पिटाळत राहिली. आत अम्रीननं माईक पुढे ओढला आणि सुरुवात केली, "इयत्ता दहावी. भूगोल. वाचन, अम्रीन अय्युब शिकलगार."

आपलं नाव आलं तेव्हा अय्युबभाईंचं बोट पत्र्यावरून घसरलं. त्यांनी ते पुन्हा लावलं. लेकीचं वाचन त्यांनी असं समोर बसून, तिच्या ओठांकडे बघत, कधी ऐकलंच नव्हतं. ढाल मिळाली त्या दोन्ही वेळी ते दुकानात होते. जांभी जमीन कशी तयार होते, पाण्यानं कशी झिजते, वाळल्यावर कशी टणक होते. त्यांना हे काही नवीन नव्हतं, भोर-वेल्ह्याच्या डोंगरात जन्म काढलेल्या कुणालाही नसतं. पण पोरगी ते असं सांगत होती की जमीन डोळ्यांपुढे उघडत जात होती, आणि डोळे नसलेल्यालाही तसंच दिसणार होतं. बोटाखाली तांबं कोमट, शहाण्यासारखं तापत होतं. शेवटचं वाक्य संपलं. अय्युबभाईंनी बोट न हलवता, मनातल्या मनात, लेकीला काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. अम्रीननं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, आणि बटण दाबलं.

त्यानंतर ती हेडफोन लावून त्यांच्याकडे पाठ करून बराच वेळ बसली होती.

"झालं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"झालं अब्बा," ती म्हणाली. तिचा आवाज जरा जड वाटला. दमली असेल, असं अय्युबभाईंनी मनाशी म्हटलं.

सोमवारी बापलेक एसटीनं नसरापूर फाट्याला उतरले आणि तिथून वेल्ह्याच्या गाडीत बसले. अय्युबभाईंनी इस्त्रीचा सदरा घातला होता. गंगाधर गुरुजींचं घर तहसील कचेरीच्या मागच्या बाजूला, दोन खोल्यांचं. गुरुजींनी दारातच विचारलं, "आणखी कोण आलंय? पावलं जड आहेत."

"माझे अब्बा आहेत गुरुजी."

"या, या." गुरुजींनी त्यांना खुर्ची दाखवली, सीडी यंत्रात घातली आणि मान खाली करून ऐकायला लागले. दहा मिनिटं ते हलले नाहीत. अय्युबभाईंना मधली मधली वाक्यं कळत होती. बाकी ते गुरुजींच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का ते बघत होते, आणि तिथं काही म्हणता काही उमटत नव्हतं.

धडा संपला. गुरुजींनी मान वर केली.

"शीळ गेली. पार गेली. काय केलंस?"

अम्रीननं सगळं सांगितलं. अय्युबभाईंनी खिशातून ती पुरचुंडी काढून काढलेले दहा पत्रे गुरुजींच्या हातावर ठेवले. गुरुजींनी एकेक पत्रा बोटांनी चाचपला, कडा पाहिल्या, डाखेचा थेंब पाहिला.

"सुरेख काम आहे हो. आणि हे तुम्ही काढून टाकलेत?"

"काढावं लागलं गुरुजी. नडत हुतं."

"हं." गुरुजींनी पत्रे परत दिले. मग ते अम्रीनकडे वळले, आणि त्यांचा आवाज बदलला. "पण बाळ, शेवटी तू काहीतरी कापलं आहेस."

अम्रीननं पर्सचा बंद घट्ट धरला.

"शेवटच्या वाक्यानंतरची पाच सेकंदं त्या जागची नाहीत. दुसरीकडची शांतता आणून जोडली आहे. खोलीचा श्वास बदलला, मला कळतो. नमुना अखंड हवा, कापाकापी चालत नाही, हा नियम तुला ठाऊक होता. वाचताना चुकली असशील तर तसं सांग. पण लपवलेलं मी पुढे पाठवणार नाही."

अय्युबभाईंना निम्मंच ऐकू आलं, पण 'पाठवणार नाही' एवढं स्पष्ट आलं. ते खुर्चीवरून अर्धे उठले. अम्रीनचे कान लाल झाले होते. तिनं पर्स उघडली आणि आतून दुसरी सीडी काढली.

"ही न कापलेली आहे गुरुजी," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून वेगळी करून ठेवली होती. माझी चूक नाही यात. पण ज्यांची आहे त्यांना बोल लागू नये, म्हणून कापलं."

गुरुजींनी सीडी लावली आणि ती सरळ शेवटाकडे नेली. अय्युबभाईंना लेकीचं अखेरचं वाक्य ऐकू आलं, त्यामागून काहीतरी घोगरं पुटपुटणं आलं, आणि मग काहीच नाही. गुरुजींनी ते पुन्हा लावलं. या वेळी त्यांचा एक हात हळूहळू गुडघ्यावर टेकला, आणि त्यांच्या त्या कोऱ्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की अय्युबभाई गोंधळूनच गेले.

"काय झालं? काय हाय त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"अय्युबभाई, इकडे या," गुरुजी म्हणाले. त्यांनी यंत्राला हेडफोन जोडले, चाचपडत अय्युबभाईंचं डोकं शोधलं, हेडफोन नीट त्यांच्या कानांवर बसवले आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

अम्रीन वाचत होती, अगदी डोक्याच्या आत बसून वाचल्यासारखी. "...म्हणून जमीन राखणे हे प्रत्येकाचे काम आहे." मग शांतता. आणि त्या शांततेत, कुणीतरी ओळखीचा माणूस घोगऱ्या आवाजात म्हणाला, "वा, माझी वाघीन. अख्ख्या भोर-वेल्ह्यात आसं वाचनारं कोन न्हाई. माझ्या घरात जलमलं हे, माझ्या."

अय्युबभाईंनी हेडफोन काढले. अम्रीन खिडकीबाहेर बघत होती. चोवीस वर्षांची झाली पोरगी. दोन ढाली आणल्या, बी.ए. झाली, आणि बापाच्या तोंडून आलेली पहिली शाबासकी तिनं पर्समध्ये लपवून ठेवली होती.

"तो पंखा चालू असता ना," गुरुजी म्हणाले, "तर हे मलासुद्धा ऐकू आलं नसतं. अम्रीन, उद्या मी तुझं नाव कळवतोय. आणि ही अखंड सीडीच पाठवणार आहे. ऐकू दे त्यांना. दहावीचं काम तुझं. फक्त एक अट आहे. पुढच्या धड्यापासून अब्बा ओट्यावर बसतील. ते मनातल्या मनात फार मोठ्यानं बोलतात."

दोघंही अय्युबभाईंकडे वळले. अम्रीनला त्यांचं पुढचं वाक्य पाठ होतं, ते त्यांच्या ओठांवर आलेलंही तिला दिसलं. म्या कुठं काय बोललो?

अय्युबभाईंनी ते दहा पत्रे मुठीत घट्ट धरले. मग सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, आणि तहसील कचेरीतल्या लोकांनी माना वळवून बघावं अशा आवाजात म्हणाले,

"व्हय. म्याच बोललो त्ये."